गाडीचं पासिंग किती?

अमेरिकेत पिकअप ट्रक विकणारा माणूस आधी एकच आकडा सांगतो, गाडी किती ओढते. आपा आणि दुल्हेभाई टेक्सासमधल्या एका शोरूममध्ये गेले तेव्हा त्यांना १८,००० पौंड हा आकडा मिळाला. म्हणजे आठ टनांच्या वर. त्यांनी ठरवलेला ट्रेलर पूर्ण भरल्यावर १४,००० पौंडांचा. विक्रेत्याच्या मते विषय तिथेच संपला होता.

एवढं धूड हवं कशाला, ते आधी सांगतो. आपा ट्रॅव्हल नर्स आहे. हे करार बहुधा १३ आठवड्यांचे असतात. दर तीन महिन्यांनी नवं गाव, नवं हॉस्पिटल आणि अव्वाच्या सव्वा भाड्याचं नवं घर. दुल्हेभाईंचं काम लॅपटॉपवरचं, पोरांची शाळा घरीच. मग घरच बरोबर न्यायचं ठरलं. स्वयंपाकघर, दोन खोल्या, न्हाणीघर, सगळं चाकांवर. या प्रकाराला इथे फिफ्थ व्हील म्हणतात.

नाव घोडागाडीच्या काळातलं आहे. चार चाकी बग्गीच्या पुढच्या आसावर एक आडवी लोखंडी चकती असे, तिच्यावर तो आस डावी-उजवीकडे फिरे. तेच पाचवं चाक. आज न्हावा शेवाच्या रस्त्यावर दिसणारे कंटेनरचे ट्रेलरही अशाच जोडावर चालतात. ट्रेलरचा किंगपिन त्या चकतीच्या खाचेत अडकतो. पिकअपमध्ये हा जोड मागच्या बंपरला नसतो, तो हौद्यात, मागच्या आसाच्या जवळजवळ डोक्यावर बसवतात.

सगळी गोम इथेच आहे. बंपरला जोडलेला साधा ट्रेलर आपल्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार गाडीवर टाकतो. फिफ्थ व्हील साधारण वीस टक्के टाकतं. त्यामुळे ते रस्त्यावर जास्त स्थिर चालतं, वाऱ्यात कमी डुलतं. पण १४,०००चे वीस टक्के म्हणजे २,८०० पौंड ट्रकच्या पाठीवर येतात. ओढणं वेगळं आणि पाठीवर घेणं वेगळं. शोरूममधला आकडा फक्त ओढण्याचा होता.

हे सगळ्यात आधी अब्बांच्या लक्षात आलं, तेही मिरजेत बसून. अब्बांनी तीस वर्षं ट्रक चालवला. दुल्हेभाई व्हिडिओ कॉलवर त्यांना इंजिन, टॉर्क, मोठ्ठा पडदा, गरम होणाऱ्या सीटा असं कौतुकानं सांगत होते. अब्बांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "ओ सब ठीक हय, पासिंग कित्ता हय?"

आपल्याकडे ट्रकच्या अंगावर रिकामं वजन आणि भरलेलं वजन रंगवलेलं असतं. ते किती पाळलं जातं हा भाग वेगळा. अमेरिकेत ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर एक पिवळा-पांढरा स्टिकर असतो. माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल, ते त्यावर त्या एका गाडीपुरतं छापलेलं असतं. जाहिरातीतला आकडा मॉडेलचा असतो, स्टिकरवरचा तुमच्या गाडीचा. दुल्हेभाईंनी पसंत केलेल्या पाऊण टनी डिझेल ट्रकवर तो होता २,१०० पौंड. (पाऊण टनी आणि एक टनी ही फक्त जुनी नावं राहिली आहेत, त्यांचा आजच्या वजनांशी संबंध नाही.)

हिशेब करायला मी बसलो. पिनवर २,८००, हौद्यातला जोड २००, चार माणसं ५००, हत्यारं आणि किरकोळ सामान २००. एकूण ३,७००. गाडी ओढेल, यात शंका नव्हती. पण मागचा आस, टायर आणि स्प्रिंग यांच्यावर दीडपटीपेक्षा जास्त बोजा घेऊन, पोरांना मागे बसवून, ती डोंगर उतरणार होती.

यात डिझेलची एक गंमत आहे. डिझेल इंजिन पेट्रोलच्या इंजिनापेक्षा कित्येकशे पौंडांनी जड. पाऊण टनी ट्रकचं भरलेलं वजन बहुतेक वेळा १०,००० पौंडांच्या आसपास बांधलेलं असतं, म्हणून इंजिनाचं वाढीव वजन थेट पासिंगमधून कापलं जातं. जास्त ताकद घ्या, कमी वजन उचला!

उपाय सरळ होता, एक टनी ट्रक. मागे चार चाकांचा घेतला तर पासिंग भरपूर, पण आपाला त्याच गाडीतून ड्यूटीवर जायचं होतं, आणि मागून एवढी फुगलेली गाडी हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये रात्री अकराला लावून बघा. शिवाय नवा डिझेल एक टनी म्हणजे सत्तर-ऐंशी हजार डॉलर आणि सहा-सात वर्षांचं कर्ज. दुल्हेभाई व्याजाच्या बाबतीत पक्के. "गाडीत नमाज पढणार आणि गाडीच व्याजाची?" यावर वाद घालणारे लोक मला माहीत आहेत, मी घातला नाही.

व्याज नको म्हटल्यावर विचार करावाच लागला. हे लोक वर्षातून चार वेळा घर हलवणार. उरलेले दिवस ट्रक हॉस्पिटल आणि किराणा करणार. अशा छोट्या फेऱ्या आजच्या डिझेलला मानवत नाहीत. धुरातली काजळी अडवणारा फिल्टर जाळून साफ व्हायला लांब, गरम पळ लागते. डिझेलचा खरा फायदा घाटात. कोलोरॅडोतून न्यू मेक्सिकोत उतरताना लागणारी रॅटन खिंड ७,८०० फुटांवर आहे. तिथे विरळ हवेत पेट्रोल इंजिन धापा टाकतं, आणि उतारावर डिझेलचा एक्झॉस्ट ब्रेक मोठा आधार असतो. महिन्यातून दोनदा असा घाट लागत असता तर मीही डिझेलच म्हटलं असतं. वर्षातून चारदा ट्रकवाल्यांच्या रांगेत हळू चढायचं, आणि ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा अब्बांचा खंबाटकीचा नियम पुरेसा होता.

शेवटी जुना, एक टनी, पेट्रोलचा, मागे दोनच चाकं आणि आठ फुटी हौद्याचा ट्रक रोखीनं घेतला. लांब हौद्यामुळे वळताना ट्रेलरचं नाक केबिनच्या काचेला लागत नाही. स्टिकरवर ४,२०० पौंड.

दरम्यान एक वेगळीच चर्चा रंगली. घर चाकांवर असलं तर नमाज कस्र पढायची का? आम्ही हनफी, दुल्हेभाई कोकणातले शाफई. आमच्यात पंधरा दिवस मुक्कामाचा इरादा असला की पूर्ण नमाज, त्यांच्यात चार दिवसांचा. करार १३ आठवड्यांचा, त्यामुळे निकाल एकच लागला.

पहिल्या प्रवासाआधी, सगळं सामान भरून, पाण्याची टाकीही भरून, ते हायवेवरच्या ट्रक स्टॉपच्या काट्यावर गेले. तिथला काटा पुढचा आस, मागचा आस आणि ट्रेलरचे आस वेगवेगळे तोलतो. पावतीवर आलं ४,३००, ६,३४० आणि १०,५६०. ट्रकचे दोन्ही आस मिळून १०,६४०, मर्यादा ११,३००. आपानं पावतीचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. अब्बांनी तो मोठा करून पाहिला आणि मागच्या टायरात हवा किती भरली ते विचारलं. दुल्हेभाई उत्तर द्यायच्या आधी खाली उतरून मोजून आले. ८०.