बाबांच्या संगणकापर्यंत

२००३ साली मी पुण्यात नोकरी करत होते आणि साताऱ्यात बाबा आमच्या गावच्या इतिहासाचं पुस्तक संगणकावर उतरवत होते. युनिकोड तेव्हा घरोघरी रुळलं नव्हतं. त्यांनी फाइल मेलने पाठवली की त्यांचा मराठी फॉन्ट नसलेल्या माझ्या संगणकावर नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं उमटत. तळटिपांचे क्रमांक चुकले, समास सरकला, तर दुरुस्ती फोनवरून सांगता सांगता आम्ही दोघंही दमून जात असू. शेवटी एका सुट्टीत, त्यांचा संगणक पुण्यातून पाहता आणि चालवता यावा म्हणून, मी त्यांच्या विंडोज ९८ वर व्हीएनसी बसवून आले.

केंब्रिजच्या ऑलिव्हेट्टी अँड ओरॅकल संशोधन प्रयोगशाळेत तयार झालेला हा प्रोग्रॅम फुकट मिळत असे. तो समोरच्या पडद्याचं चित्रच पाठवतो, त्यामुळे फॉन्ट माझ्याकडे नसला तरी अडत नव्हतं. बाबांचं पान माझ्या खोलीत जसंच्या तसं, काना-मात्रेसकट उघडलं तेव्हा मला अतिशय आनंद झाला.

मात्र दोन्हीकडे डायल-अप होतं. मोडेमवर ५६ के लिहिलेलं असलं, तरी ती गती माहिती उतरवून घेण्याची. घरून बाहेर पाठवताना कमाल गती सेकंदाला ३३.६ किलोबिट. ८०० बाय ६०० ठिपके आणि २५६ रंग म्हणजे पूर्ण पडदा ४ लाख ८० हजार बाइटचा. न आवळता पाठवला तर जवळजवळ दोन मिनिटं. व्हीएनसी चित्र आवळतो आणि बदललेला भागच पाठवतो, म्हणून काम शक्य होतं. मी वॉलपेपर काढून पडदा एकरंगी केला, कारण सपाट रंग सगळ्यात चांगला आवळला जातो.

पत्ता ही दुसरी अडचण. प्रत्येक वेळी नेट लावलं की घरच्या संगणकाला नवा आयपी मिळे, आणि घरात फोनची लाइन एकच. "बाबा, आता फोन ठेवा आणि नेट लावा," असं मी सांगायची. मग ते विनआयपीसीएफजी उघडून तिथले आकडे मला मेल करत. मेल येईपर्यंत मी इनबॉक्स पुन्हा पुन्हा उघडत असे. फोनचं मीटर आणि नेटचे तास दोन्ही चालू असत, त्यामुळे काय करायचं ते आधी कागदावर लिहून ठेवायची सवय लागली.

माउस मी सोडूनच दिला. व्हीएनसीत एक कळ दाबल्याचा निरोप ८ बाइटचा असतो, पण मेनू उघडला की त्याचं चित्र यायला वेळ लागे. म्हणून शोधा, बदला, जतन करा, सगळं कीबोर्डनेच. चित्राची वाट न पाहता पुढच्या कळा दाबायच्या आणि शेवटी एकदाच पडदा तपासायचा. बोलणं व्हायचं नोटपॅडमध्ये, रोमन लिपीत. तिथे बाबा लिहीत, "ही टीप १४ नव्हे, १५", आणि मी खाली "बरं" लिहून टीप बदलत असे. मध्येच लाइन तुटली तरी त्यांचा संगणक होता तसाच राही. नवा पत्ता आला की कर्सर त्याच ओळीवर सापडे.

पुस्तक अशाच रात्रींमधून छापण्याजोगं झालं. आज मी सॉफ्टवेअर लिहिते, आणि कुठलाही पडदा आखताना पहिला विचार हाच करते, की यातलं किती पाठवणं खरोखर गरजेचं आहे? घाटातल्या गावात मोबाइलला एखादी दांडी मिळते, तिथेही माणसांना अर्ज भरायचे असतात, सातबारा पाहायचा असतो. त्यांच्यासाठी काम करणाऱ्या प्रत्येकाने आपली वेबसाइट एकदा तरी अशा बारीक लाइनवर चालवून पाहावी, आणि तिथे जे अडेल ते आधी कमी करावं.