आर्सच्या पाऊलवाटा

धर्मगुरू रस्त्याने धावताना दिसला की आमच्याकडील भाविकांच्या मनात एकच शंका येते : कोणीतरी अत्यवस्थ असले पाहिजे. मधुमेहावर उपाय म्हणून डॉक्टरांनी मला रोज पहाटे धावण्याचा सल्ला दिला, तेव्हा पहिल्याच दिवशी एका वृद्ध मावशीने फाटकातूनच काळजीच्या स्वरात विचारले, "फादर, कोणाचे काय झाले?" मी ओशाळून हसलो आणि चालू लागलो. त्यानंतर कित्येक महिने मी धावण्याचे नाव काढले नाही.

पुढे ज्या दिवशी खरोखरच धावायला हवे होते, त्या दिवशी मी धावलो नाही. दफनभूमीच्या कुंपणभिंतीवरून धर्मग्रामात दोन तट पडले होते आणि त्या संध्याकाळी सभा चालू होती. एक आजारी गृहस्थ तैलाभ्यंगासाठी बोलावीत असल्याचा निरोप घेऊन त्यांचा मुलगा दाराशी आला. "अर्ध्या तासात येतो," असे मी त्याला सांगितले. सभा लांबली, शब्दाने शब्द वाढला, आणि मी त्या घरी पोहोचलो तेव्हा उशाशी मेणबत्त्या लागल्या होत्या. मी प्रार्थना केली. मुलगा काही बोलला नाही. दफनविधीनंतर सर्वांनी माझा हात हाती घेतला. त्याने मात्र घेतला नाही.

वाचकहो, अशा प्रसंगानंतरही मिस्सा चुकत नाही, प्रवचन थांबत नाही, बाप्तिस्म्याच्या नोंदी वहीत होतच राहतात. पण आत काहीतरी आटत जाते. हे बहुधा बिशपमहोदयांच्या ध्यानी आले असावे. 2018 च्या सप्टेंबरात त्यांनी मला एका महिन्याच्या विसाव्यासाठी फ्रान्समधील आर्स या खेड्यात पाठविले. जाताना माझ्या पिशवीच्या तळाशी त्यांच्याच नावे लिहिलेले एक पत्र होते. धर्मग्रामाच्या जबाबदारीतून मला कायमचे मोकळे करावे, अशी विनंती त्यात होती. परतल्यावर ते त्यांच्या हाती द्यायचे, असे मी ठरविले होते.

आर्स हे लियों शहराच्या उत्तरेस सुमारे 35 किलोमीटरवर, फॉर्मां नावाच्या ओढ्याकाठी वसलेले लहानसे गाव आहे. संत जॉन मेरी व्हियानी 1818 च्या फेब्रुवारीत तेथे आले, तेव्हा वस्ती जेमतेम सव्वादोनशे-अडीचशेंची होती. धुक्यात वाट चुकलेल्या त्या तरुण धर्मगुरूने मेंढ्या राखणाऱ्या एका मुलाला आर्सची वाट विचारली आणि, "तू मला आर्सची वाट दाखविलीस, मी तुला स्वर्गाची दाखवीन," असे आश्वासन दिले, ही कथा आपण सेमिनरीत अनेकदा ऐकली आहे. गावाबाहेर त्या भेटीचे ब्राँझचे शिल्प आहे. तेथूनच मी पुन्हा धावायला सुरुवात केली. तेथे मला कोणी ओळखत नव्हते, आणि धावणारा मनुष्य त्या देशात कोणाच्याही चिंतेचा विषय होत नाही.

पहिली वाट ओढ्याच्या सोबतीने मिझेरिए आणि पुढे सँत-युफेमी या गावांकडे उतरत जाणारी. दुसरी पूर्वेस साविन्योकडे, उघड्या माळावरून. तिसरी पश्चिमेस, फ्राँ गावावरून सॉन नदीच्या काठापर्यंत नेणारी. ही सर्वांत लांब. तिने एकदा जाऊन परत येण्यात माझी सकाळ सरत असे. सप्टेंबरात गव्हाची शेते कापून झालेली असतात, सूर्यफुले काळवंडून माना खाली घालतात, मका मात्र पुरुषभर उंच उभा असतो. त्या मक्याच्या भिंतींमधून धावताना आपल्या श्वासाशिवाय दुसरा आवाज नसतो. जुन्या घरांच्या भिंती माती कुटून रचलेल्या आहेत. वाट किंचित चढली की सॉनपलीकडे बोझोलेच्या द्राक्षमळ्यांच्या टेकड्या निळसर दिसतात. शिकारीचा हंगाम सुरू झाल्यावर रानालगतच्या वाटेने जाताना अंगात भडक रंगाचे जाकीट घालावे, हे मला विश्रामगृहातील स्वयंपाकीणबाईंनी बजावून सांगितले होते.

फ्रान्समधील अशा पदभ्रमणाच्या वाटांवर खुणा रंगविलेल्या असतात. लहान वाटांची खूण पिवळी. झाडावर, दगडावर किंवा विजेच्या खांबावर एक आडवी पट्टी दिसली की वाट बरोबर आहे असे समजावे. पट्टीखाली वळलेला बाण असला की वळावे. आणि दोन पट्ट्यांची फुली दिसली की ही वाट आपली नव्हे, मागे फिरावे. पहिल्या आठवड्यात एका ओकवृक्षावरची ती फुली मी पाहिली आणि सवयीने तिला क्रूस समजून पुढे धावत गेलो. तास-दीड तास भटकून एका शेतकऱ्याच्या अंगणात पोहोचलो. त्याच्या कुत्र्याने माझे स्वागत कसे केले ते येथे सांगत नाही. शेतकऱ्याने मात्र हातवारे करून मला त्या ओकापर्यंत परत आणून सोडले.

साविन्योच्या वाटेने पूर्वेकडे जसजसे जावे तसतसा दोंबचा तळ्यांचा प्रदेश उलगडू लागतो. हजाराहून अधिक तळी आहेत तेथे, आणि ती निसर्गाने नव्हे, तर मध्ययुगापासून माणसांनी चिकणमातीच्या जमिनीत बांध घालून निर्मिलेली आहेत. त्यांची रीत ऐकून मी थक्क झालो. काही वर्षे तळे भरलेले ठेवायचे, त्यात कार्प जातीचे मासे वाढवायचे. मग बांधाची मोरी उघडून पाणी सोडून द्यायचे, मासे धरायचे आणि रिकाम्या तळात एक वर्ष मका किंवा ओट पेरायचा. त्यानंतर पुन्हा पाणी. कोरडे वर्ष ही तळ्याची नामुष्की नव्हे. त्या वर्षामुळेच पुढील पाण्याला कस येतो. त्या बांधावर उभा असताना माझ्या ध्यानी आले की पिशवीतील पत्रात मी कोरडे वर्ष मागितले नव्हते. तळेच बुजवून टाका, असे मी लिहिले होते.

परंतु माझा खरा सोबती ठरला तो स्वतः व्हियानी. सेमिनरीत आम्हांला त्यांची चिकाटी शिकविली गेली : लॅटिनशी झालेली झटापट, दिवसाचे सोळा-सोळा तास पापनिवेदन ऐकणे, बटाट्यांवर काढलेले दिवस. ते आर्समधून पळून जाऊ पाहत होते, हे मात्र मी कधी गांभीर्याने घेतले नव्हते. 1840 मध्ये एका रात्री ते निघाले आणि वाटेतूनच परतले. 1843 च्या सप्टेंबरात, मोठ्या आजारातून उठल्यावर, ते रात्रीच्या अंधारात चालत दार्दिलीस आपल्या भावाच्या घरी गेले आणि काही दिवसांनी माघारी आले. 1853 च्या सप्टेंबरात त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, तेव्हा गावाने घंटा बडविली आणि लोक वाट अडवून उभे राहिले. एकान्तात जाऊन आपल्या पापांसाठी शोक करावा, एवढीच त्यांची इच्छा होती. आपण या पदाला अपात्र आहोत, असे त्यांना मनापासून वाटे.

ज्याला ख्रिस्तसभेने 1929 मध्ये धर्मगुरूंचा आश्रयदाता संत म्हणून घोषित केले, तो मनुष्य रात्री मागच्या दाराने निघून जाणारा होता! हे वाचून मला दिलासा मिळाला, हे खरे. पण तो पुरेसा नव्हता. एके सकाळी सॉनच्या काठावर दम घेत बसलो असताना मनाला एक गोष्ट टोचली. व्हियानी पळाले तेव्हा ते कोणाला टाळत नव्हते. मी एका माणसाला टाळत होतो. दफनभूमीची भिंत, सभा, मधुमेह, थकवा ही सारी कारणे पत्रात क्रमवार मांडली होती. त्या मुलाचा उल्लेख त्यात कोठेही नव्हता. ओकावरच्या फुलीपाशी माघारी आणून सोडणारा कोणी शेतकरी येथे नव्हता. मी उठलो आणि आलो त्याच वाटेने परतलो.

पत्र मी त्याच रात्री फाडले नाही. ते तसेच घरी आणले. परतल्यानंतर दुसऱ्या दिवशी, कोणतेही निमित्त न काढता, मी त्या घरी गेलो. मुलाने खुर्ची पुढे केली. मी म्हणालो, "त्या दिवशी मी सभा सोडून यायला हवे होते. मी आलो नाही. माझे चुकले." तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "फादर, बाबांनी दोनदा विचारले होते, 'फादर आले काय?' हे तुम्हांला कळायला हवे, एवढेच माझ्या मनात होते."

त्याने मला क्षमा केली असे मी म्हणणार नाही. तसे तो बोलला नाही, आणि मीही विचारले नाही. त्याच्या आईने चहा आणला, तो आम्ही प्यालो. निघताना तो फाटकापर्यंत आला. पत्र मी नंतर बिशपमहोदयांना दाखविले आणि त्यांच्या देखतच परत घेतले.

आता मी रोज पहाटे धावतो. माझ्या वाटेवर पिवळ्या खुणा नाहीत; पण वाट मी विचारपूर्वक आखली आहे. धर्मग्रामातील जी माणसे अंथरुणाला खिळून आहेत, त्यांच्या घरांवरून ती जाते. यादी बदलली की वाटही बदलते. कोणाच्या खिडकीत अवेळी दिवा दिसला तर मी थांबतो. ती मावशी अजूनही फाटकातून विचारते, "फादर, कोणाचे काय झाले?"

"आज कोणाचे काही नाही, मावशी," मी सांगतो, "पण बघून येतो."