परसातील पाला आणि आग्र्याची परीक्षानळी

यवतमाळहून आर्णीमार्गे महागाव गाठावे आणि तेथून फुलसावंगीचा रस्ता धरावा. दिवाळीनंतरच्या दिवसांत शिवारात कापूस वेचणीला आलेला असतो आणि तूर फुलावर असते. पैनगंगेच्या खोऱ्यातील हा मुलूख. सकाळच्या गारठ्यात घरोघरी शेकोट्या पेटतात आणि त्यांच्या धुरासोबत वृद्धांचे खोकणेही कानी येते.

वाचकहो, अशाच एका अंगणात आम्ही थांबलो होतो. कुंपणालगत अडुळसा होता; गुरे त्याला तोंड लावीत नाहीत, म्हणून कुंपणाला तो सोयीचा. फुटक्या माठात कोरफड, ओसरीवर कांद्याचा ढीग, खुंटीला लसणाची जुडी आणि न्हाणीच्या ओलाव्यावर कोणी न लावता उगवलेली खोकली. चुलीवर अडुळशाचा काढा उकळत होता. घरातील आजोबा महिनाभर खोकत होते. सुनेने विचारले, "ताई, या पाल्यानं खोकला बरा होते ना?"

तिच्या अंगणातील याच पाच वनस्पतींची परीक्षा आग्र्याच्या जाल्मा या राष्ट्रीय संस्थेत झाली आहे. तो अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या औषधांना न जुमानणारे क्षयाचे जंतू संशोधकांनी घेतले. अशा जंतूंची वाढ अंडी घातलेल्या पोषकद्रव्यावर, परीक्षानळीत केली जाते. ती दिसू लागण्यास काही आठवडे लागतात. त्या पोषकद्रव्यात वनस्पतींचा अर्क मिसळला असता जंतूंची वाढ लक्षणीय प्रमाणात घटली. अडुळसा, खोकली, कांदा, लसूण आणि कोरफड या पाचांतही तो गुण आढळला.

हे वाचून हर्ष होणे स्वाभाविक आहे. परंतु परीक्षानळीत अर्क आणि जंतू समोरासमोर असतात. आपण प्यालेला काढा प्रथम पोटात जातो, पचतो, यकृतातून जातो आणि उरलासुरला अंश रक्तावाटे फुप्फुसात पोहोचतो. तेथे तो जंतूंना पुरेल काय, शरीराला सोसेल काय, हे ठरविण्यासाठी पुढे प्राण्यांवर आणि मग रुग्णांवर चाचण्या कराव्या लागतात. नळीतील यश ही त्या वाटेवरील पहिली पायरी आहे.

अडुळशाने आधुनिक वैद्यकाला खरोखरच एक देणगी दिली आहे. त्याच्या पानांतील व्हॅसिसीन या द्रव्यावरून ब्रोमहेक्झिन हे खोकल्याचे औषध घडविण्यात आले. हे औषध कफ पातळ करते, त्यामुळे तो सुटतो आणि छाती मोकळी वाटते. येथेच घरच्या माणसांची फसगत होते. कफ सुटला म्हणजे जंतू मेले, असे नव्हे. आराम वाटत राहतो आणि आत रोग वाढत राहतो.

म्हणून आम्ही त्या सुनेला काढा बंद करावयास सांगितले नाही. आजोबांची थुंकी तपासावयास सांगितले. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, वजन घटू लागले, रात्री घाम येऊ लागला किंवा थुंकीतून रक्त पडले, तर ही तपासणी अवश्य करावी. सरकारी दवाखान्यात क्षयाची तपासणी आणि औषधे विनामूल्य मिळतात.

ज्येष्ठांची शुश्रूषा करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. उतारवयात न्यूमोनिया पुष्कळदा तापाविनाच येतो. माणूस एकाएकी जेवेनासा होतो, असंबद्ध बोलतो, गळून जातो. अशा वेळी घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. ते तीस किंवा अधिक भरले, तर काढ्याची वाट न पाहता रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे. चालू असलेला काढाही डॉक्टरांना सांगावा. त्यात ज्येष्ठमध असल्यास रक्तदाब वाढू शकतो.

आम्ही निघालो तेव्हा आजोबा उन्हात बसून काढ्याचे घोट घेत होते. सुनेने दवाखान्यातून थुंकीची डबी आणण्यासाठी मुलाला सायकलवर धाडले होते. सकाळी उठल्याबरोबर, चूळ भरून, खोल खोकून आलेला बेडका त्या डबीत घ्यावयाचा, एवढे तिने आमच्याकडून दोनदा वदवून घेतले.