छातीवरचं नाव

भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरची नावं ओळीने वाचत गेलं, तर देशाचा एक छोटा इतिहासच समोर येतो. आमच्या लहानपणी तिथे विल्स होतं, म्हणजे सिगारेटचं नाव. १९९६ चा विश्वचषकही विल्सच्याच नावाने झाला आणि आम्ही पोरं ते नाव वहीच्या पुठ्ठ्यावर हौसेने काढायचो. २००१ साली सहारा आलं, ते २०१३ पर्यंत राहिलं. मग स्टार, मग ओप्पो. २०१९ मध्ये बायजूज, २०२३ मध्ये ड्रीम इलेव्हन. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने केला, तो करार संपला, आणि सप्टेंबरच्या आशिया चषकात आपला संघ छातीवर कुठल्याच कंपनीचं नाव नसताना खेळला. त्यानंतर अपोलो टायर्स आलं.

सिगारेट, बचत, टीव्ही, मोबाइल, शिकवणी, ऑनलाइन खेळ, टायर. ज्या काळात ज्या धंद्याकडे पैसा वाहत होता, त्या काळात त्याचं नाव खेळाडूंच्या छातीवर. गुंतवणूकदारांच्या पैशांच्या प्रकरणात सहाराच्या प्रमुखांना २०१४ मध्ये तुरुंगात जावं लागलं. बायजूजवर तर थकलेल्या पैशांसाठी क्रिकेट मंडळानेच दिवाळखोरीचा अर्ज केला आणि जुलै २०२४ मध्ये तो दाखल करून घेतला गेला. जर्सी मात्र निळीच राहिली, आणि आपली पोरं ती विकत घेत राहिली.

मी शाळेत मराठी आणि उर्दू शिकवतो. जाहिरातलेखनाचा धडा आला की ही यादी फळ्यावर लिहितो आणि विचारतो, वीतभर कापडासाठी कंपन्या कोट्यवधी रुपये का मोजतात? मुलं म्हणतात, ‘नाव दिसतं म्हणून.’ अर्धं उत्तर बरोबर आहे. पण नाव तर एसटी स्टँडच्या भिंतीवरही दिसतं. कंपनी जर्सीवर जे विकत घेते, त्याला मराठीत पत म्हणतात आणि उर्दूत साख. मैदानात घाम गाळून खेळाडूने कमावलेला लोकांचा विश्वास ती काही वर्षांसाठी भाड्याने घेते. तो शिलाईसारखा आपल्या नावाला जोडून घेते. ब्रँड हा शब्दच मुळात गुरांच्या अंगावर तापल्या लोखंडाने खूण करण्यावरून आला. आपल्याकडे त्याला डागणं म्हणतात. हे सांगितलं की वर्गात हशा पिकतो. पण हसून झाल्यावर कुणीतरी विचारतंच, ‘मग सर, खेळाडू म्हणजे गुरं का?’

तिथे मी हाशिम अमलाचं नाव घेतो. दक्षिण आफ्रिकेच्या संघाचा प्रायोजक बिअरची कंपनी होती. अमलाने ते बोधचिन्ह अंगावर घालायला नकार दिला, मंडळाने तो मान्य केला, आणि त्या बोधचिन्हाशिवायच तो वर्षानुवर्षं खेळला, कसोटीत त्रिशतकही ठोकलं. संघ मोडला नाही, प्रायोजकही पळून गेला नाही. जानेवारी २०२२ मध्ये ॲशेस जिंकल्यावर ऑस्ट्रेलियाचा कर्णधार पॅट कमिन्स याने शॅम्पेन उडवणाऱ्या सहकाऱ्यांना थांबवलं, कारण उस्मान ख्वाजा बाजूला उभा होता. बाटल्या खाली गेल्या, ख्वाजा वर आला आणि फोटो निघाला. बाजार वाटतो तितका ताठ नसतो. सांगणारा हवा, आणि ऐकणाराही.

पण हे मोठ्यांचं झालं. आमच्या मोहल्ल्यातली पोरं दरवर्षी टेनिस बॉलचे सामने भरवतात. बॅनरवरचा मजकूर लिहायला माझ्याकडे येतात, मराठीत आणि उर्दूत. गेल्या वर्षी प्रायोजक एक वेलचीवाला होता. पंचवीस हजार रुपये आणि सगळ्यांना टी-शर्ट. वेलची नावापुरती. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण पुडीचं नाव आणि रंग वेलचीच्या, पाण्याच्या, सोड्याच्या रूपाने फिरत राहतात. जे विकायची चोरी, त्याची आठवण उघड विकायची, असा हा धंदा. संघात आठवी-नववीची मुलं होती.

मी अमलाची गोष्ट सांगितली. त्यांच्यातला यष्टिरक्षक शांतपणे म्हणाला, ‘सर, अमलाकू तनखा मिलता था. अपने पास तो मैदान का भाडा बी नहीं.’

त्याचं चुकत नव्हतं. नकार द्यायला पोटात चार घास लागतात. नुसत्या नसीहतीने मैदानाचं भाडं भरत नाही. म्हणून आम्ही वही काढली. बघायला रोज किती लोक येतात, कुठून येतात, कुठल्या वेळी काय खातात, हे पोरांनी लिहून काढलं. मग बेकरीवाल्या चाचांकडे ‘चंदा द्या’ असं म्हणत गेले नाहीत, तर ‘संध्याकाळी दोनशे माणसं असतात, खारी आणि चहाचा स्टॉल फक्त तुमचा’ असं सांगत गेले. सायकलवाला, मेडिकल, शिलाई मशीन चालवणाऱ्या एक आपा, असे अकरा जण मिळाले. जमले चौदा हजार. ट्रॉफी लहान झाली, डीजे रद्द झाला, टी-शर्ट फक्त अंतिम सामन्याच्या दोन संघांना मिळाले. काही पोरं नाराज झाली. एक संघ तर वेलचीवाल्याच्या दुसऱ्या स्पर्धेत खेळायला गेला.

मोठ्या कंपन्या लाखो रुपये फी घेणाऱ्या सल्लागारांकडून जे शिकतात, ते या वहीत होतं: आपला बघणारा कोण, त्याला काय हवं, आणि कुणाचं नाव त्याच्यासमोर शोभेल. मक्केच्या बाजारात पैगंबर (स.) यांना लोक अल-अमीन म्हणत, विश्वासू. ते नाव कुठल्या फलकावर नव्हतं, व्यवहारातून तयार झालं होतं. व्यापाराला आपल्याकडे कधीच कमी लेखलेलं नाही. प्रश्न एवढाच की विकणारा आपली पत स्वतः कमावतो, की पोरांच्या छातीवरून उसनी घेतो.

यंदाच्या हंगामात तुमच्या गल्लीतही बॅनर लागतील. पैसे घेण्याआधी पोरांना तीन गोष्टी विचारायला लावा. हा माणूस नेमकं काय विकतो? ते आपण आपल्या धाकट्या भावाच्या हातात देऊ का? आणि स्पर्धा संपल्यावर हा टी-शर्ट घालून आईसमोर बसता येईल का? वेलचीवाला यंदाही येणार आहे, या वेळी चाळीस हजार घेऊन, असं पोरं सांगतात. निर्णय अजून झालेला नाही. वही मात्र त्यांनी माझ्याकडून मागून नेली आहे.