नाथसागराच्या पायथ्याशी

अंबड तालुक्यातील अंकुशनगर हे समर्थ सहकारी साखर कारखान्यामुळे परिचित झालेले गाव. या परिसरातील उसाच्या हिरवाईमागे ज्या जलाशयाचा आधार आहे, तो नाथसागर गोदावरीच्या वरच्या अंगाला, पैठण येथे आहे. पैठणला भगवान मुनिसुव्रतनाथांच्या अतिशय क्षेत्री दर्शनास जाणाऱ्या कुटुंबांनी तेथून जवळच असलेल्या संत ज्ञानेश्वर उद्यानासाठी अर्धा दिवस राखून ठेवावा.

जायकवाडी धरणाच्या पायथ्याशी, नदीकाठी, म्हैसूरच्या वृंदावन उद्यानाच्या धर्तीवर हे उद्यान साकारले. शंभराहून अधिक हेक्टरांचा त्याचा विस्तार पायी फिरण्यास पुरेसा आहे. मात्र उद्यान पाहून तेवढ्यावर परत फिरू नये. त्याच्या पाठीशी उभा असलेला बांधही जाणून घ्यावा. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांनी धरणाची पायाभरणी केली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते उद्घाटन झाले. सुमारे दहा किलोमीटर लांबीच्या या बांधाला २७ दरवाजे आहेत. जलाशयाची क्षमता सुमारे १०२ टीएमसी असून त्यांपैकी सुमारे २६ टीएमसी मृतसाठा आहे. २०८ किलोमीटरांचा डावा कालवा येथूनच जालना जिल्ह्यातून परभणीकडे जातो.

धरणाचे मूळ नियोजन बीड जिल्ह्यातील जायकवाडी गावाजवळ होते. पुढे जागा बदलून पैठण झाली, नाव मात्र तेच राहिले. नाव उरलेल्या या गावाची गोष्ट सांगताना नाव पुसलेल्या गावांचाही विसर पडू नये. या पाण्यासाठी शंभराहून अधिक गावांना झळ पोहोचली. कित्येकांची घरे, शेते आणि पेठा जलाशयाखाली गेल्या. खाली कालव्यावर फुललेल्या बाजारपेठांची भरभराट या त्यागावर उभी आहे.

हिवाळ्यात जलाशयाच्या उथळ काठांवर रोहित, चक्रवाक, क्रौंच असे पाहुणे पक्षी उतरतात. १९८६ साली हा परिसर पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला. पक्षी पाहण्यास सकाळची वेळ उत्तम. शांतपणे, दुरूनच पाहावे. सोबतचा फराळ सूर्यास्तापूर्वी आटोपून पिशव्या व वेष्टने परत न्यावीत. मुलांना हे पाणी दाखवताना ते कोणाच्या अंगणावरून वाहत आपल्या शिवारात येते, तेही सांगावे.