तक्रार कुणाच्या नंबरवर?

रिक्षावाल्यांविरुद्धच्या तक्रारी महापालिकेकडे सोपवाव्यात, असं मी बरीच वर्षं ठामपणे म्हणत आलो. आमच्या मनवेलपाड्यात यावर कुणी माझ्याशी वाद घातला नसता. स्टेशनवरून रात्री यायला नकार दिला, शेअरला पुढे चौथी सीट बसवली, सुट्ट्या पैशांवरून चारचौघांत अपमान केला, की इथला माणूस पहिला फोन नगरसेवकाला लावायचा. नगरसेवक फार तर युनियनच्या कुणाशी बोलायचा, कारण परमिट देणं किंवा काढून घेणं पालिकेच्या हातात नाहीच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने ते काम परिवहन खात्याकडे आहे. भाडंसुद्धा मुंबई महानगर प्रदेश वाहतूक प्राधिकरण ठरवतं. १ फेब्रुवारी २०२५ पासून मीटरचं किमान भाडं २६ रुपये झालं, पण आमच्या लाइनला चालते ती शेअर सीट. २०२० मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, प्रशासक आले, आणि पुढची काही वर्षं फोन करायची ती जागाही नव्हती.

तेव्हा मी इंग्लंडचा दाखला द्यायचो. लंडन वगळता तिथे टॅक्सीचालकाला परवाना स्थानिक कौन्सिल देते, तक्रार तीच ऐकते, परवाना रद्दही तीच करते. घराजवळच दाद मागता येते, मला हेच हवं होतं.

मग शेजारच्या काकूंचा प्रसंग घडला. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्या काठी घेऊन चालतात. कारगिल नगरच्या अलीकडेच रिक्षावाल्याने ‘पुढे ट्रॅफिक आहे, उतरा’ म्हणून त्यांना उतरवलं आणि उलटी दिशा धरली. काकूंनी औषधाच्या चिठ्ठीमागे एमएच ४८ चा नंबर लिहून आणला होता. तक्रार मी लिहिली. परिवहन कार्यालयातून नोटीस गेली आणि उत्तर द्यायला आली ती परमिटधारक बाई. वय झालेलं, नवरा गेलेला, रिक्षा दोन शिफ्टला भाड्याने दिलेली. संध्याकाळच्या शिफ्टचा चालक नोटिशीचं कळताच काम सोडून गेला होता आणि दुसऱ्याची गाडी चालवत होता, त्याच लाइनला.

काकूंनी तक्रार मागे घेतली. परमिट निलंबित झालं असतं तर चूल विझली असती त्या बाईची. कायद्याचं ८६ वं कलम परमिटवर घाव घालतं. उलट तीनचाकीच्या चालकाने भाडं नाकारलं तर १७८ व्या कलमात दंड जास्तीत जास्त ५० रुपये, म्हणजे दोन किमान भाड्यांहूनही कमी. पालिकेकडे अधिकार असते तरी यातलं काय बदललं असतं? तक्रार गाडीच्याच नंबरवर झाली असती आणि चालक तसाच निसटला असता.

इंग्लंडचंही मी मग नीट वाचलं. रॉदरहॅममध्ये मुलींच्या लैंगिक शोषणात टॅक्सीचालकांची नावं येत होती, तरी परवाने देणारी कौन्सिल हलली नाही. २०१५ मध्ये लुईस केसी यांच्या अहवालाने प्रवाशांची सुरक्षितता तिथे मागे पडल्याचं दाखवलं. सरकारने कौन्सिलवर आयुक्त नेमले आणि परवान्यांचा अधिकारही त्यांच्याकडे दिला. कार्यालय गावातच होतं, तरी त्या मुलींना त्याचा काही उपयोग झाला नाही. पुढे २०२२ च्या कायद्याने सुरक्षिततेच्या कारणावरून परवाना नाकारला, निलंबित किंवा रद्द केला तर त्याची नोंद सामाईक माहितीकोशात करणं सगळ्या कौन्सिलांना बंधनकारक झालं. चालक दुसऱ्या गावी गेला तरी नोंद त्याच्या मागे जाते. मला पटलं ते हे.

म्हणून आता अधिकार कुणाकडे असावा, हा माझा आग्रह राहिलेला नाही. परिवहन खात्याकडेच राहू दे. तक्रार मात्र चालकाच्या बॅजवर चढली पाहिजे, कोणत्या शिफ्टला गाडी कुणाकडे होती हे मालकाने लिहून ठेवलं पाहिजे आणि पुढे काय झालं ते तक्रारदाराला लेखी कळलं पाहिजे. बॅज नंबर प्रवाशाला दिसेल असा लावलेला मी क्वचितच पाहतो. तो सीटच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत हवा. पालिकेने स्टँडवर दिवा आणि तक्रार कुठे करायची याचा फलक लावला तरी पुष्कळ होईल.

संध्याकाळच्या शिफ्टला गाडी चालवणाऱ्या ओळखीच्या एकाला हे सांगितलं. मला वाटलं, चिडेल. तो म्हणाला, ‘‘लिहा ना बॅजवर. पण कुणाची विसरलेली पिशवी परत केली, तेही लिहा.’’ तेही लिहायलाच हवं. मालक रिक्षा हाती देताना मग तीच नोंद बघेल.