नकार नेमका कशाला?

घरातील ज्येष्ठ व्यक्ती एखादा साधा बदल नाकारते, तेव्हा आपण त्याला हट्ट म्हणून मोकळे होतो. काठी नको, कमोड नको, मुलाकडे राहायला जाणे तर नकोच. आपण स्वतः ज्येष्ठ असाल, तर ‘सगळे माझ्या भल्याचेच सांगतात, पण मला विचारत कोणीच नाही’ ही बोचही आपल्याला ठाऊक असेल. या नकाराच्या आत डोकावण्यासाठी मला एक अनपेक्षित साधन लाभले : टॅरोची चित्रपाने.

टॅरो हा मूळचा पत्त्यांचा खेळ. १५व्या शतकात उत्तर इटलीत तो खेळला जाई. भविष्यकथनासाठी त्याचा वापर रूढ झाला तो १८व्या शतकात, फ्रान्समध्ये. आज सर्वाधिक परिचित असलेला ७८ पानांचा संच १९०९ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील चित्रे पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीची. पत्त्याला उद्याचे काही कळते, असे मी मानत नाही. चित्राकडे पाहता पाहता माणूस बोलू लागतो, हे मात्र मी अनुभवले आहे.

माझ्या आईने सारा संसार नाणेघाटाच्या पायथ्याजवळ, वैशाखरे येथे केला. गुडघे थकले, पावसाळ्यात शेवाळलेले अंगण निसरडे होऊ लागले, तरी काठीचे नाव काढताच ती तोंड फिरवी. एका दुपारी मी तिच्यापुढे काही पाने उघडी मांडली आणि ‘यातले तुझ्या मनासारखे पान कोणते?’ एवढेच विचारले. तिने उचललेल्या पानावर मुकुट घातलेला एक माणूस बसला आहे : एक नाणे डोक्यावर, एक छातीशी कवटाळलेले, दोन पायांखाली दाबलेली.

“नाणी सुटतील म्हणून हा बिचारा उठतच नाही,” ती म्हणाली.

“उठला तर काय होईल?”

बराच वेळ गप्प राहून ती उत्तरली, “आज काठी देतील, उद्या घराला कुलूप लावतील.”

तिचा नकार कुलपापाशी अडला होता. काठीचा विचार तिने केलाच नव्हता. मग आम्ही ठरवले, की घराची किल्ली तिच्याकडेच राहील आणि घर सोडण्याचा विषय तिने काढल्यावाचून निघणार नाही. काठी प्रथम केवळ अंगणापुरती आली. पुढे ती देवळापर्यंत जाऊ लागली. भर पावसाळ्यात तिने एकटीने राहावे का, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. पण आता त्यावर बोलता येते.

आपणही हे करून पाहू शकता. पाने उघडी ठेवावीत, निवड ज्येष्ठांची असू द्यावी. मृत्यूचे आणि कोसळत्या मनोऱ्याचे पान आधीच बाजूला काढावे. ‘तुम्ही का घाबरता?’ असे न विचारता ‘हा माणूस काय धरून बसला आहे?’ असे विचारावे, आणि उत्तर ऐकताना उपदेश टाळावा. टॅरो नसेल, तर जुनी छायाचित्रे वा दिनदर्शिकेवरील चित्रेही चालतील.

मात्र एरवी समजूतदार असणारी व्यक्ती अचानक प्रत्येक गोष्टीला विरोध करू लागली, गोंधळू लागली, तिची झोप वा भूक हरपली, तर विनाविलंब डॉक्टरांकडे जावे. अशा बदलामागे संसर्ग, औषधांचा परिणाम, नैराश्य वा स्मृतिभ्रंश असू शकतो. आणि पत्ते पाहून कोणी चालू औषध थांबवण्यास सांगितले, तर ते मुळीच ऐकू नये.